सुपारी घेतली म्हणजे विकले गेलात का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: चौघांचा बँड, तीन वर्षं झाली, गाणी स्वतःची. त्यातलं चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळावरचं गाणं सोलापुरात बऱ्यापैकी फिरलं. शब्द कॉलेजातल्या एका मित्राचे, चाल तुम्हा चौघांची. गेल्या नवरात्रात तुम्ही नऊ रात्री गरब्याला सिनेमाची गाणी वाजवलीत, तेव्हा ओळखीतल्याच पोरांनी व्हिडिओखाली लिहिलं, ‘विकले गेले बे हे.’ आता एका स्थानिक नेत्याच्या वाढदिवसाची सुपारी आली आहे, ६० हजारांची. अट एवढीच की नळाच्या गाण्याची चाल तीच ठेवायची आणि शब्दांत साहेबांचं नाव घालायचं. दोघं तयार आहेत, गाणारा नाही म्हणतोय आणि ड्रमवाले तुम्ही मध्ये लोंबकळताय. बँड विकला जातो म्हणजे नक्की काय होतं, आणि आम्ही त्याच वाटेवर आहोत का, असं तुम्ही विचारलंय.

मी १९९१ पासून कीबोर्ड वाजवतो. आधी ऑर्केस्ट्रा, मग कॅसेटवाल्यांची कामं, आता जुळे सोलापुरात घराच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंग करून देतो. गणपती, गड्ड्याची जत्रा, लग्नं, बारशी, दुकानांची उद्घाटनं आणि एकदा बोअरच्या नव्या गाडीची पूजा, सगळीकडे वाजवून झालंय. तेव्हा सोवळ्यातल्या उत्तराची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नका. तुम्ही एका प्रश्नात दोन प्रश्न बांधलेत, गरब्याचा आणि वाढदिवसाचा. दोन्हींत पैसे आहेत आणि दोन्हींत दुसऱ्याच्या सांगण्यावरून वाजवायचं आहे, म्हणून ते सख्खे भाऊ वाटतात. मला तर ते लांबचे नातेवाईकसुद्धा वाटत नाहीत.

आधी बँड या शब्दाचंच बघा. ‘आम्ही बँड काढतोय’ असं मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आईने विचारलं, ‘लाल कोट घालावा लागंल का रे?’ तिच्या लेखी बँड म्हणजे वरातीपुढचा. तो बँडवाला एका संध्याकाळी नाचाचं गाणं वाजवतो, देवाचं वाजवतो, पाठवणीचं रडकं वाजवतो, आणि नवरदेवाच्या मामाने नोट ओवाळली की नाचाचं पुन्हा वाजवतो. त्याला आजवर कोणी ‘विकला गेलास’ म्हटलंय का? हे माझं गाणं आहे, माझ्या मनातलं आहे, असं त्याने कुणाला सांगितलेलंच नसतं. वेळेवर येईन, पोशाखात येईन, मारुतीच्या देवळापासून कार्यालयाच्या दारापर्यंत वाजवीन, एवढाच त्याचा शब्द, आणि तो तो पाळतो.

तुमचं तसं नाही. नळाचं गाणं म्हणताना तुम्ही ऐकणाऱ्याला न बोलता एक शब्द दिलात, की हे आमच्या घरातलं आहे, पहाटे तीनला उठून हंडे भरणारी आमचीच आई आहे. एखादी बाई चालीवर भाळली असेल, पण गाणं तिने आपलं मानलं ते त्या शब्दामुळे. विकता येतो तो हा शब्द. पैसे घेतले की नाही, किती घेतले, मैदान केवढं होतं, याचा त्याच्याशी संबंध फार थोडा.

या मापाने गरबा मोजा. त्या नऊ रात्री तुम्ही वरातीतले बँडवाले होतात. लोक नाचायला आले, तुम्ही ठेका सोडला नाहीत, आरतीला वेळेवर थांबलात, दहाच्या कायद्यात नाहीतर परवानगी असेल त्या दिवशी बाराच्या आत बंद केलंत. काम चोख झालं. आपल्याकडे यासाठी जुने शब्द आहेत. ठरवलेलं काम म्हणजे सुपारी, कलावंताचा मान राखून हातात दिलेले पैसे म्हणजे बिदागी, आणि फर्माईश करणाऱ्याने वरून सोडलेली नोट म्हणजे दौलतजादा. मोडनिंबच्या कला केंद्रात लावणी करणाऱ्या बायकांना या तिन्हींतला फरक आपल्याहून बारकाईने कळतो, कारण त्यांना तो रोज रात्री सांभाळावा लागतो. सुपारी हा शब्द गुंडांनी पळवला म्हणून आपण त्याची लाज बाळगायचं कारण नाही.

गरब्याबद्दल माझी शंका एकच आहे: फ्लेक्सवर काय छापलं होतं? तुमच्या बँडचं नाव मोठ्या अक्षरांत आणि खाली ‘लाइव्ह’ असं असेल, तर नळाचं गाणं ऐकायला आलेला एखादा पोरगा सिनेमाची गाणी ऐकून परत गेला असणार. त्या व्हिडिओखाली बहुतेक त्यानेच लिहिलं असेल. यावर सोपा उपाय आहे. सुपारीच्या कामाला दुसरं नाव घ्या. आम्ही ऑर्केस्ट्रा एका नावाने करायचो आणि स्वतःच्या गाण्यांचे जे काही चार-सहा कार्यक्रम झाले ते दुसऱ्या नावाने. माणसं तीच, वाद्यं तीच, टेम्पो तोच. पण फ्लेक्स बघून येणाऱ्याला कळायचं की आज काय मिळणार आहे.

आता वाढदिवस. तुम्ही दिलेला मुखडा मी कीबोर्डवर वाजवून पाहिला. ‘पाणी आलं, पाणी आलं, उठा गं बायांनो.’ त्याच्या जागी ‘साहेब आले, साहेब आले’ बसवायचं. ‘ब’ जरा पळवावा लागतो, बाकी मात्रा बसतात. एवढ्या सहज बसतात हेच वाईट आहे. पाण्यासाठी रात्र जागलेल्या बाईचं गाणं, ज्यांनी पाणी द्यायचं त्यांच्याच हारात ओवायचं. यालाच मी विकलं जाणं म्हणतो, आणि ६० हजारांच्या जागी ६०० रुपये मिळाले असते तरी हेच म्हटलं असतं.

इथे एक मोठा ‘पण’ आहे. त्या नेत्यावर तुमचा खरोखर विश्वास असेल, त्याने तुमच्या भागात पाण्यासाठी काही केलेलं तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल, तर माझं उत्तर बदलतं. राजकारणासाठी गाणं हा काही गुन्हा नाही. शाहीर अमर शेख आपल्या बार्शीचे, जन्म १९१६ चा. अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथकात ते उघड उघड पक्षाच्या झेंड्याखाली गायले, पुढे संयुक्त महाराष्ट्रासाठी गायले. त्यांना कोणी विकलेला शाहीर म्हणणार नाही. झेंडा स्टेजवर दिसत होता आणि गाणाऱ्याचा त्यावर विश्वास होता. तुमच्या पत्रात मात्र साहेबांविषयी एकही वाक्य नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही. फक्त आकडा आहे. म्हणून मी विश्वास नाही असं धरून पुढे लिहितो. चुकत असेन तर हा भाग सोडून द्या.

दोघं हो आणि एक नाही, हा तुमच्या घरातला पेच जुना आहे. १९६८ साली द डोअर्स या अमेरिकन बँडपुढे तो आला होता. ब्युइक या मोटार कंपनीला जाहिरातीसाठी त्यांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं हवं होतं, ओळीत गाडीचं नाव घालून. म्हणजे तुमच्या साहेबांचीच मागणी. गायक जिम मॉरिसन तेव्हा परदेशात होता, हाताशी लागेना, म्हणून उरलेल्या तिघांनी परस्पर हो म्हटलं. परत आल्यावर तो असा भडकला की बँडमधला आपसातला विश्वास पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. गंमत अशी की ते गाणं मुख्यतः त्याचं नव्हतंच, गिटारवाल्या रॉबी क्रीगरचं होतं. तरी आरडाओरडा गायकाने केला, कारण ते शब्द लोकांपुढे त्याच्या तोंडून जात होते. तुमचा गाणारा नाही म्हणतोय ना, त्याचं दुखणं हेच असणार. तुम्ही ड्रममागे बसता, दोघं वाद्यांमागे उभे असतात. ‘साहेब आले’ म्हणताना लोकांच्या डोळ्यांत बघावं लागणार ते त्याला.

त्या बँडमध्ये कमाई चौघांत सारखी वाटली जायची आणि चौघांतल्या एकाने नाही म्हटलं की काम थांबायचं. मॉरिसन १९७१ मध्ये वारला, पण नियम उरला. २००० नंतर कॅडिलॅक या मोटार कंपनीने गाण्यासाठी दीड कोटी डॉलर देऊ केले, तेव्हा त्याच नियमावर अडून बसला तो ड्रमर, जॉन डेन्समोर. उरलेल्या दोघांशी त्याचं पुढे कोर्टात वाजलं. तुम्हीही ड्रमवाले, म्हणून मुद्दाम सांगतोय. या सुपारीचं काय व्हायचं ते होवो, पण चौघं बसून एक कागद करा: पैसे कसे वाटायचे, आणि स्वतःच्या गाण्याला हात लावायचा असेल तर किती जणांचा होकार लागेल. माझं मत विचाराल तर सगळ्यांचा. बहुमताने मंडळाची वर्गणी ठरवावी, गाण्याचे शब्द नव्हे.

आता माझं सांगतो, कारण वरचं सगळं मी पुस्तकातून शिकलेलो नाही.

वडील पूर्व भागात पॉवरलूमवर होते, टॉवेलच्या मागांवर. लहानपणी डबा द्यायला जायचो तेव्हा त्या खटखटीत मला सात मात्रा ऐकू यायच्या. पुढे त्यावर एक चाल बांधली, शब्द वडिलांच्याच बोलण्यातले. १९९६ साली बाहेरगावच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस आला आणि स्टेशनजवळच्या लॉजवर उतरला. खोलीत दुसरी खुर्ची नव्हती, मी पलंगाच्या कडेला बसून हार्मोनिअमवर चाल वाजवून दाखवली. त्याने दोनदा ऐकली. बॅगेतून अर्धा कागद काढला, टाइप केलेला, ‘सर्व हक्क कायमचे’ असं काहीतरी, त्याला रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवला आणि मी त्यावर आडवी सही ठोकली. ३,५०० रुपये. कीबोर्डचे दोन हप्ते सुटले म्हणून मी येताना सायकल हवेतच चालवली असेल.

पुढच्या गणपतीत एका मंडळाच्या कर्ण्यावर ती चाल लागली. शब्द चोळीवरचे, दुहेरी अर्थाचे, बाई मध्येच खिदळणारी. मी आणि वडील समोरच्या गाड्यावर चहाला थांबलो होतो. त्यांनी बशी तोंडाजवळ नेली होती, ती तशीच धरली. अर्धं कडवं ऐकलं. म्हणाले, ‘हे आपल्या मागाचं हाय की.’ मग चहा प्यायले, बशी गाड्यावर ठेवली, दोघांचे पैसे दिले आणि पाळीला गेले. घरी तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. पुढची तीन-चार वर्षं होम मैदानावर, गड्ड्यात, गणपतीत, तेच गाणं फर्माईशीत यायचं. मंडळाचा पोरगा स्टेजच्या कडेला येऊन, ‘ओ, ते वाजवा की, सगळे विचारूलालेत,’ आणि मी वाजवायचो. माझीच चाल, दुसऱ्याचं गाणं म्हणून.

त्या ३,५०० रुपयांची मला कधी लाज वाटली नाही. हप्ते खरे होते. सलत राहिलं ते हे की सही केली त्या दिवसापासून त्या चालीचं काय व्हावं यात माझं मत कोणी विचारणार नव्हतं. तेव्हापासून कुठलंही काम आलं की मी आधी एवढंच बघतो: पैसे घेऊन झाल्यावर नाही म्हणायची सोय माझ्याकडे उरते का? गरब्यात उरते, दहाव्या दिवशी तुम्ही मोकळे. वाढदिवसात उरत नाही, कारण एकदा ‘साहेब आले’ लोकांच्या मोबाइलमध्ये गेलं की पुढच्या निवडणुकीत ते रिक्षावर वाजणार आणि तुम्हाला विचारायला कोणी येणार नाही.

कायद्याचं थोडक्यात. मी वकील नाही, पण ठेच लागल्यावर एवढं शिकून घेतलं. गाण्याचे शब्द ही एक मालमत्ता, चाल ही दुसरी, रेकॉर्डिंग ही तिसरी. तुमच्या गाण्याचे शब्द त्या मित्राचे आहेत, तेव्हा त्यांत साहेबांचं नाव घालायला तुमच्या चौघांआधी त्याचा होकार हवा. त्याला तुम्ही विचारलेलंच दिसत नाही. हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. माझ्या कागदावर ‘कायमचे’ होतं, म्हणून तो शब्द दिसला की पेन खाली ठेवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून दिला तरी जात नाही. आणि हक्क विकल्यावरसुद्धा, आपल्या कृतीची अब्रू जाईल अशी मोडतोड कोणी केली तर अडवण्याचा लेखकाचा अधिकार कलम ५७ मध्ये शिल्लक राहतो. तो १९९६ मध्येही होता. मला सांगणारा कोणी नव्हता, आणि सांगितलं असतं तरी कोर्टाची पायरी चढायची ऐपत नव्हती.

तुम्ही नाही म्हटलंत तर साहेबांची माणसं दुसऱ्या ऑर्केस्ट्राकडून तीच चाल वाजवून घेतील, ही भीती रास्त आहे. टॉम वेट्स हा अमेरिकन गायक जाहिरातींना ठाम नकार देणारा. १९८८ मध्ये एका चिप्स कंपनीने त्याच्यासारखा हुबेहूब आवाज काढणारा माणूस गाठून जाहिरात केली. तो कोर्टात गेला आणि २५ लाख डॉलरच्या आसपास भरपाई घेऊन आला. आपल्याकडे वाढदिवसाच्या चालीसाठी एवढं कोण करणार? पण गाणं तारखेसकट रेकॉर्ड करून, शब्द कोणाचे, चाल कोणाची हे नावानिशी लिहून ठेवा. ‘हे त्या पोरांचं’ असं गावाला माहीत असलं की दुसऱ्याची चोरी निदान चोरी म्हणून दिसते.

व्हिडिओखालच्या पोरांचा दुसरा एक आक्षेप तुम्ही ओझरता लिहिलाय, की नव्या गाण्यांत तेलुगू ओळी आणि ढोलकी आणली ती व्ह्यूजसाठी. यावर फार वेळ घालवू नका. १९६५ मध्ये बॉब डिलनने न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घातली तेव्हा लोकांनी हुर्यो केली, पुढच्या वर्षी मँचेस्टरमध्ये तर एकाने भर कार्यक्रमात त्याला ‘जूडास’, म्हणजे येशूला दगा देणारा, म्हटलं. बदल त्याचा त्याने ठरवला होता, कोणा गिटारवाल्या कंपनीने नाही. तेलुगू ओळी सुचल्या कशा? तुमच्या बेसवाल्याची आजी घरात तेलुगू बोलते म्हणून असतील, तर सोलापुरात याहून स्वाभाविक काय? व्ह्यूजचे आकडे बघून घातल्या असतील तर ते तुमचं तुम्हाला माहीत. रीलसाठी गाणं कापायलाही माझी हरकत नाही. मुळातच तीस सेकंदांचं लिहायला लागलात तर मात्र मला एकदा ऐकवा, मी शिव्या देईन.

आता ज्याचं उत्तर माझ्याकडे नाही ते. जे दोघं हो म्हणताहेत, त्यांच्या घरी काय चाललंय? ६० हजार भागिले चार म्हणजे १५ हजार. एखाद्याच्या घरी तो दोन महिन्यांचा किराणा असतो. नाही म्हणायला पैसे लागतात, आणि ते सगळ्यांकडे सारखे नसतात. गाणाऱ्याच्या वडिलांचं नवी पेठेत दुकान असेल आणि बेसवाल्याचे वडील रात्रपाळीला जात असतील, तर गाणाऱ्याने तत्त्व जरा हळू आवाजात सांगावं. इथेच गरब्याचा हिशोब परत काढा. नऊ रात्रींचे पैसे तुम्ही वाटून संपवलेत की काही मागे ठेवलेत? मी असतो तर सुपारीच्या प्रत्येक कमाईतला पाचवा हिस्सा बँडच्या नावाने बाजूला टाकला असता. ज्या कामावरून पोरं तुम्हाला विकलेले म्हणाली, त्याच कामाच्या पैशांवर वाढदिवसाला नाही म्हणता येतं.

साहेबांच्या माणसाला मी असा निरोप देईन: कार्यक्रम करतो, दीड तास, सुपारीच्या नावाने. सिनेमाची गाणी, साहेबांची आवडती दोन जुनी, शुभेच्छा निवेदक देईल. साहेबांवर गाणं हवंच असेल तर नवी चाल बांधून देतो, त्याचे वेगळे पैसे. हे शिंप्याचं काम, माप घ्यायचं आणि शिवून द्यायचं. नळाचं गाणं या कार्यक्रमात नाही. यावर ते ‘चालेल’ म्हणाले तर बिनधास्त जा आणि जोरात वाजवा. ‘नाही, तीच चाल पाहिजे’ असं म्हणाले, तर ते काय विकत घ्यायला आले होते ते तुमच्या हो म्हणणाऱ्या दोघांनाही तिथेच कळेल. नव्या चालीत त्यांना रस नसतो. बायकांनी आपलं मानलेलं गाणं त्यांना हवं असतं.

आणि काहीही ठरलं तरी निम्मे पैसे आठ दिवस आधी आणि उरलेले साउंड टेस्टिंगच्या वेळी, वायरी जोडायच्या आत घ्या. माझे २०११ च्या एका वाढदिवसाचे ८ हजार अजून यायचेत. दरवर्षी त्या तारखेला चौकात फ्लेक्स लागतो तेव्हा आठवण होते.